जठराच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंडाची गळती: ड्रेनमधला पहिल्या दिवसाचा आकडा कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "साठीतला, पोटाचा घेर मोठा असलेला पुरुष पेशंट. लॅपरोस्कोपीने जठराचा खालचा भाग काढला, डी-२ पद्धतीने (म्हणजे जठरालगतचे आणि त्यापलीकडच्या मोठ्या धमन्यांवरचेही) लिम्फ नोड काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतलं) अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, २,४०० आलं. पेशंट छान आहे, ताप नाही, पोट मऊ, ड्रेनचं पाणी फिकट लालसर. याला गळती म्हणायचं का? ड्रेन कधी काढू? आणि गळती लवकर ओळखण्याची एखादी खात्रीची चाचणी आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. खात्रीची अशी एकच चाचणी नाही. पहिल्या दिवसाचं अमायलेज तुम्हाला 'इथे लक्ष ठेवा' एवढंच सांगतं. गळती आहे की नाही हे पुढच्या तीन-चार दिवसांतला आकड्याचा प्रवास, ड्रेनमधल्या पाण्याचं रूप आणि पेशंटची एकूण तब्येत मिळून सांगतात. या तिघांचं म्हणणं जुळत नसेल, तर ड्रेन जागेवर आहे का ही शंका आधी घ्यायची. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक नेमकी तिथेच झाली होती. ती पुढे सांगतो.

आधी दिवसांची मोजणी एक करून घेऊ. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य. म्हणजे तुम्ही ज्याला 'दुसरा दिवस' म्हणता तो कागदावर पहिला दिवस. हे बारीक वाटतं, पण रात्रपाळीचा डॉक्टर एक मोजणी धरतो, सकाळचा दुसरी, आणि 'तिसऱ्या दिवसाचं सॅम्पल' दोन वेगळ्या दिवशी पाठवलं जातं. असं झालेलं मी पाहिलं आहे.

आता व्याख्या. २००५ साली आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलं की तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधून मोजता येईल इतकं पाणी येत असेल आणि त्यातलं अमायलेज रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर ती स्वादुपिंडाची गळती. ए, बी आणि सी असे तिचे तीन दर्जे केले. २०१६च्या सुधारणेत त्यातला 'ए' गळतीच्या यादीतून काढला आणि त्याला 'बायोकेमिकल लीक' असं नाव दिलं. पेशंटच्या वाटचालीत ज्याने काही फरक पडत नाही त्याला आजार म्हणू नये, असा त्यामागचा विचार. खरी गळती म्हणजे बी आणि सी. 'बी'मध्ये ड्रेन तीन आठवड्यांहून जास्त ठेवावा लागतो, किंवा सीटी वा सोनोग्राफीखाली नवी नळी घालावी लागते, किंवा रक्तस्रावासाठी अँजिओग्राफीतून उपाय करावा लागतो, किंवा इन्फेक्शनची लक्षणं असतात. 'सी' म्हणजे पुन्हा ऑपरेशन, अवयव निकामी होणं, किंवा मृत्यू.

म्हणजे व्याख्येप्रमाणे पहिल्या दिवशी गळतीचं निदान होऊच शकत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं औपचारिक उत्तर हेच: नाही, आज याला गळती म्हणता येणार नाही. अर्थात ती व्याख्या मुळात स्वादुपिंड कापलेल्या पेशंटांसाठी लिहिली गेली आणि जठराच्या शस्त्रक्रियेत आपण ती उसनी वापरतो, हे विसरू नका. तिथे आतड्याशी जोडलेलं किंवा शिवून बंद केलेलं स्वादुपिंडाचं टोक असतं. इथे तसं काहीच नसतं.

मग रस येतो कुठून? नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन जठराचं होतं ना? स्वादुपिंडाला कशाला हात लावला?" खरं तर हात लावला नाही तरी धक्का लागतोच. डी-२मध्ये जे नोड काढायचे ते स्वादुपिंडाच्या वरच्या काठाला चिकटून बसलेले असतात (आकडे म्हणजे नोडच्या जागांचे ठरलेले क्रमांक): कॉमन हिपॅटिक आर्टरीवरचे ८ए, सीलिॲक आर्टरीजवळचे ९, स्प्लेनिक आर्टरीवरचे ११पी. शिवाय पायलोरसखालचे, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडाखालचे, ६ नंबरचे नोड, जे स्वादुपिंडाच्या डोक्यावर अक्षरशः पसरलेले असतात. नोडभोवतीची चरबी पिवळी, स्वादुपिंडाचे दाणे फिकट गुलाबी-पिवळे. बारीक माणसात ही सीमा स्वच्छ दिसते. जाड माणसात चरबी दाण्यांच्या मधून आत शिरलेली असते आणि नोड कुठे संपला, ग्रंथी कुठे सुरू झाली, हे ठरवताना चांगल्या चांगल्यांचा हात थबकतो. स्थूल पुरुषांमध्ये ही गुंतागुंत जास्त दिसते त्याचं एक कारण हे.

लॅपरोस्कोपीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली, अल्ट्रासॉनिक कात्रीचं तापलेलं पातं. कापून झाल्यावरही ते काही सेकंद गरम राहतं आणि त्याच पात्याने ऊतक बाजूला सारायची सवय असेल, तर ग्रंथीच्या पृष्ठभागावर एक पांढुरका डाग उमटतो. त्या दिवशी तो डाग निरुपद्रवी दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथला भाग मरतो आणि रस झिरपू लागतो. दुसरी, असिस्टंटचा हात. वरचा काठ दिसावा म्हणून तो गॉझ धरलेल्या चिमट्याने स्वादुपिंड खाली दाबून धरतो. पंधरा-वीस मिनिटं एका जागी दाब राहिला, तर ग्रंथी कापली गेली नाही तरी ठेचली जाते. काही पेशंटांत स्वादुपिंड मुळातच वर उचललेलं असतं आणि हिपॅटिक आर्टरी त्याच्या मागे खोल दडलेली असते. तिथे दाब अर्थातच जास्त द्यावा लागतो. ऑपरेशनपूर्वीच्या सीटीच्या उभ्या छेदात हे आधीच दिसतं. आपण ती सीटी गाठ किती पसरली एवढ्यासाठीच पाहतो आणि हे बघायचं राहून जातं.

म्हणून माझी एक सवय सांगतो. ऑपरेशन संपल्यावर नोट्स लिहिताना मी स्वादुपिंडाबद्दल एक ओळ लिहितोच: 'वरच्या काठावर डाव्या बाजूला दोन मिलिमीटरचा भाजल्याचा डाग', 'कवच शाबूत', '११पी काढताना रक्तस्राव, क्लिप लावली'. पहिल्या दिवशी अमायलेज २,४०० आलं की मी लॅबच्या रिपोर्टच्याही आधी ती ओळ वाचतो. तुमच्या पेशंटच्या नोट्समध्ये अशी ओळ नसेल, तर ऑपरेशनचा व्हिडिओ पुन्हा पाहा. अर्धा तास जातो, पण त्यात जे दिसतं ते कुठल्याही रक्ततपासणीत दिसणार नाही.

थोडा इतिहास, कारण ही गुंतागुंत आज जितकी दिसते त्यापेक्षा पूर्वी बरीच भयंकर होती. वरच्या भागातल्या कॅन्सरला संपूर्ण जठर काढताना स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा सोबत काढायची पद्धत होती, म्हणजे त्या भागातले नोड पूर्ण निघतील. नेदरलँड्समधल्या डी-१ (फक्त जठरालगतचे नोड काढणं) विरुद्ध डी-२ या अभ्यासात डी-२ गटात दवाखान्यातले मृत्यू १० टक्के आणि डी-१ गटात ४ टक्के झाले. त्यात या जादा काढलेल्या अवयवांचा वाटा मोठा होता. त्याच पेशंटांचा १५ वर्षांचा पाठपुरावा २०१० साली आला तेव्हा मात्र डी-२ गटात कॅन्सरने होणारे मृत्यू कमी निघाले. म्हणजे नोड काढणं योग्यच होतं, किंमत होती ती शेपूट आणि प्लीहेची. पुढे जपानमधल्या जेसीओजी-०११० या अभ्यासाने दाखवलं की गाठ मोठ्या वक्राकडे गेलेली नसेल तर प्लीहा काढून आयुष्य वाढत नाही, गुंतागुंत मात्र वाढते. जेसीओजी-१००१ने जठरामागच्या पिशवीचं आवरण सोलून काढण्याचाही फायदा नाही हे दाखवलं. त्यात स्वादुपिंडाची गळती उलट वाढलीच. आज आपण यातलं काहीच नेहमी करत नाही. त्यामुळे गळती कमी झाली, आणि कमी झाली म्हणूनच तरुण सर्जनच्या डोळ्यांना तिची सवय राहिली नाही.

आता तुमच्या २,४००कडे. रक्तातल्या अमायलेजची वरची मर्यादा साधारण शंभर युनिटच्या आसपास असते, म्हणजे तिप्पट म्हटलं तर तीनशे. पहिल्या दिवशी तीनशेच्या वर असलेले पेशंट ढीगभर असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे काहीही होत नाही. म्हणून पहिल्या दिवसासाठी वेगळी, वरची रेघ ओढायचा प्रयत्न अनेकांनी केला. ती रेघ ठिकाणानुसार हजारापासून चार हजारांपर्यंत फिरते. हा फरक पाहून गोंधळू नका. ड्रेन ग्रंथीच्या किती जवळ आहे, शेवटी पोट किती लिटर सलाइनने धुतलं, त्यातलं किती आत राहिलं, या सगळ्याने तो आकडा बदलतो. दुसऱ्यांची रेघ जशीच्या तशी आपल्या वॉर्डात आणण्यापेक्षा आपल्याच शेवटच्या पन्नास पेशंटांचे आकडे वहीत मांडा.

आकडा जास्त आला म्हणजे गळती होईलच असं का नाही, हे एका काल्पनिक हिशोबाने बघा. समजा १०० पेशंट आहेत आणि त्यातल्या ५ जणांना खरी गळती होणार आहे. तुमची रेघ त्या पाचांतल्या चौघांना पकडते आणि उरलेल्या ९५ मधल्या १९ जणांनाही उगाच पकडते. एकूण पकडले गेले २३, त्यात खरे चारच. उलट रेघेखाली राहिलेल्या ७७ जणांत गळती होणारा फक्त एक. म्हणून कमी आकडा जितका दिलासा देतो, तितकी भीती जास्त आकड्याने वाटायला नको. कमी आला तर ड्रेन लवकर काढायचं धाडस करा. जास्त आला तर फक्त घाई करू नका, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे पाणी किती आलं. अमायलेजचा आकडा दर लिटरमागे असतो. २,४०० आकडा आणि २४ तासांत ५० मिलि पाणी, तर एकूण १२० युनिट बाहेर पडले. तोच आकडा आणि ३०० मिलि पाणी, तर ७२० युनिट. रिपोर्टवर दोघे सारखेच दिसतात. मी नर्सच्या चार्टवरचं पाणी आणि लॅबचा आकडा एकाच ओळीत लिहितो आणि शेजारी गुणाकार करून ठेवतो.

सॅम्पल कसं घेतलं हेही विचारा. रात्रभर साठलेल्या पिशवीतून नाही, नळीतून ताजं आलेलं पाणी घ्यायचं. दोन ड्रेन असतील तर दोन्हींचं वेगळं, आणि बाटलीवर 'उजवा', 'डावा' असं लिहून. त्याच वेळी रक्तातलं अमायलेजही पाठवा. रिपोर्टवर 'इतक्यापेक्षा जास्त' असं मोघम आलं, तर लॅबला फोन करून सॅम्पल पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. मशीनची वरची मर्यादा संपली की ते तसंच छापतं. '२,००० पेक्षा जास्त' मध्ये २,१०० ही येतात आणि ४०,००० ही. उद्या तुलना करायला खरा आकडा हवा.

तुलना महत्त्वाची, कारण निर्णय उतारावर घ्यायचा असतो. पहिल्या दिवशी २,४००, तिसऱ्या दिवशी ५००, पाणीही कमी: ग्रंथीला झालेली छोटी इजा भरून येते आहे. पहिल्या दिवशी २,४०० आणि तिसऱ्या दिवशी २,२००: आकडा वाढलेला नाही, पण उतरायला हवा होता तोही उतरलेला नाही. हा पेशंट माझ्या यादीत वर जातो. पहिल्या दिवशी ६०० आणि तिसऱ्या दिवशी ३,०००: हा सगळ्यात वर, कारण भाजलेला भाग आता सुटतो आहे. पहिल्याच दिवसाच्या आकड्यावर निर्धास्त राहिलेल्यांना हा तिसरा प्रकार चकवतो.

आता पाण्याचं रूप. यासाठी राऊंडला ड्रेनची पिशवी हातात घ्यावी लागते, दुरून बघून चालत नाही. पहिल्या दिवशी पातळ लालसर, मग गुलाबी, मग गवताच्या काडीसारखं पिवळसर, हा सरळ मार्ग. गळतीचं पाणी या मार्गाने जात नाही. ते लाल वाइनसारखं गडद होतं, किंवा राखाडी-तपकिरी आणि गढूळ. पांढऱ्या गॉझवर थोडं ओतून खिडकीपाशी धरा. साबणाच्या चुऱ्यासारखे बारीक पांढरे कण दिसले तर ती स्वादुपिंडाच्या रसाने पचवलेली चरबी आहे. वास आला तर इन्फेक्शन पोहोचलं. नळीभोवतीची त्वचा लाल होऊन पेशंट 'आग होते' म्हणत असेल, तर तेही लिहून ठेवा. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरना हा फरक डॉक्टरच्या आधी कळतो. "आज पाणी वेगळं दिसतंय" असं त्यांनी म्हटलं की मी रिपोर्टची वाट पाहत नाही.

रस नुसता सांडला तर तितका घातक नसतो, कारण त्यातलं ट्रिप्सिन सुप्त रूपात असतं. आतड्यातला रस किंवा जंतू मिसळले की ते जागं होतं आणि मग चरबी, नोड काढून उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या, सगळ्यांवर काम करू लागतं. बायोकेमिकल लीक आणि खरी गळती यांतला फरक पुष्कळदा इथे पडतो. ड्रेन 'असू दे सुरक्षिततेसाठी' म्हणून दहा दिवस ठेवणं महागात पडू शकतं ते याचमुळे. ज्या नळीतून पाणी बाहेर येतं, त्याच नळीवरून जंतू आत जातात.

पेशंटकडे बघताना तापाची वाट पाहू नका. ताप उशिरा येतो. आधी नाडी वाढते: काल ८०, आज ९६, आणि कारण सापडत नाही. उचक्या लागतात. काल चमच्याने पेज घेणारा माणूस आज 'नको वाटतं' म्हणतो, कारण जठराच्या मागे सूज आल्याने उरलेलं जठर रिकामं होत नाही. डाव्या खांद्यात दुखतं. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी जमतं आणि आपण छातीचं इन्फेक्शन समजून बसतो. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाऊन मग उतरायला हवा. तिसऱ्या दिवशी तो लिटरला १५० मिलिग्रॅमच्या बराच वर असेल, किंवा उतरून पुन्हा चढला, तर पोटात काहीतरी चाललं आहे असं धरून चाला. फक्त युनिट बघा. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथला १५ म्हणजे इकडचा १५०. एका ज्युनिअरने "सीआरपी फक्त अठरा आहे सर" म्हणून मला निर्धास्त केलं होतं. ड्रेन मुळीच न घालणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. त्यांच्याकडे तर नाडी, सीआरपी आणि सीटी एवढीच हत्यारं असतात.

आता ती चूक. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, संपूर्ण जठर काढलेला जाडजूड पेशंट. पहिल्या दिवशी अमायलेज तीन हजारांच्या वर. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधून जेमतेम दहा मिलि. सॅम्पलपुरतंही पाणी नव्हतं म्हणून ते पाठवलंच नाही. मला आनंद झाला, ड्रेन आटला म्हणून. चौथ्या दिवशी नळी काढली. आठव्या दिवशी ताप, उचक्या, डाव्या छातीत पाणी. दोन दिवस मीच त्याला छातीचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देत राहिलो. मग सीटी केली तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटावर मुठीएवढा साठा निघाला. काढलेल्या नळीची वाट त्याच सीटीत अजून दिसत होती आणि ती त्या साठ्यापासून दोन बोटं अलीकडे संपत होती. सीटीखाली नळी घालून काढलेल्या पाण्यात अमायलेज काही दहा हजारांत होतं. पेशंट वाचला, पण पाच आठवडे राहिला. ड्रेन आटला नव्हता, रसाने वाट बदलली होती. ऑपरेशननंतर पेशंट कुशीवर वळतो, खोकतो, आतडी फिरतात आणि नळीचं टोक सरकतं. गुठळीने ती बुजतेही. तेव्हापासून माझा नियम असा: पहिल्या दिवशी जास्त अमायलेज आणि तिसऱ्या दिवशी अचानक कोरडा ड्रेन, हे दिसलं की सुटकेचा श्वास सोडायचा नाही. सीआरपी आणि सोनोग्राफी करायची, आणि शंका उरली तर सीटी.

सीटी कधी करावी? तिसऱ्या दिवसाआधी करून फारसा उपयोग नाही, कारण डी-२ केलेल्या प्रत्येकाच्या पोटात थोडं पाणी असतंच. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान शंका आली की कॉन्ट्रास्टसह करा आणि रेडिओलॉजिस्टला धमन्यांचा टप्पाही घ्यायला आवर्जून सांगा. बघायचं ते असं: साठा स्वादुपिंडाला टेकलेला आहे का, त्याला चमकणारी कड आली आहे का, आत हवेचे बुडबुडे आहेत का, ड्रेनचं टोक त्यात आहे की बाहेर, आणि हिपॅटिक, स्प्लेनिक धमन्यांवर किंवा लेफ्ट गॅस्ट्रिकच्या बांधलेल्या टोकावर फुगा दिसतो का. रेडिओलॉजीच्या फॉर्मवर नुसतं 'पोस्ट-ऑप, ताप' लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.

अमायलेज वाढलं म्हणजे दोष स्वादुपिंडाचाच, असंही नाही. ड्युओडेनमचं (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं) बंद केलेलं टोक सुटलं तरी आकडा चढतो, पण मग पाणी हिरवट-पिवळं असतं आणि त्यात पित्तातलं बिलिरुबिन सापडतं. संपूर्ण जठर काढल्यावर अन्ननलिकेचा जोड गळला, तर लाळेतलं अमायलेज ड्रेनमध्ये येतं. तिथे लायपेज (स्वादुपिंडाचं चरबी पचवणारं एन्झाइम) मोजा, लाळेत ते जवळजवळ नसतं. दुधासारखं पांढरं पाणी असेल तर ट्रायग्लिसराइड मोजा, डेसिलिटरला ११० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं तर ती लसिकेची, म्हणजे काईलची गळती. तिचा मामला वेगळा आणि बराच सौम्य.

रक्तस्रावाबद्दल मात्र थांबून बोलतो, कारण गळतीने पेशंट दगावतो तो बहुधा याच वाटेने. रस उघड्या धमनीच्या भिंतीवर दिवसेंदिवस काम करतो, भिंत पातळ होऊन फुगा होतो, आणि एका रात्री तो फुटतो. हे साधारण पहिला आठवडा उलटल्यावर, कधी तीन-चार आठवड्यांनीही होतं. पेशंट तेव्हा चालत-फिरत असतो. पण फुटण्याआधी तो बहुतेक वेळा एक इशारा देतो: ड्रेनमध्ये अचानक पन्नास मिलि ताजं रक्त, किंवा एक रक्ताची उलटी, आणि मग सगळं शांत. "थोडंच आलं, आपोआप थांबलं, हिमोग्लोबिन ठीक आहे." रात्रीच्या फोनवर मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच वाक्याची. गळतीची शंका असलेल्या पेशंटमध्ये असं रक्त दिसलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. सलाइनच्या जाड सुईच्या दोन लाइन, रक्ताची सोय आणि त्याच रात्री सीटी अँजिओग्राफी. फुगा दिसला की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट कॉइल किंवा स्टेंट घालून तो बंद करतो. पेशंट रक्तदाब टिकवून असेल तर पोट उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सुजलेल्या, चिकटलेल्या पोटात ती धमनी शोधणं काय असतं, हे ज्याने केलं आहे त्याला सांगावं लागत नाही. तुमच्याकडे ही सोय नसेल, तर पेशंट कुठे न्यायचा हे आजच ठरवून ठेवा, तेही २,४०० आकडा आला त्याच दिवशी.

गळती ठरलीच तर उपचारांचं थोडक्यात: ड्रेन काढायचा नाही. साठा असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीखाली दुसरी नळी. पाण्याचं कल्चर आणि त्यानुसार अँटिबायोटिक. पेशंट इन्फेक्शनने खचलेला नसेल तर तोंडाने किंवा जेजुनममधल्या नळीने अन्न चालू ठेवायचं, उपाशी ठेवून गळती बंद होत नाही. स्वादुपिंडाचा रस कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध बरेच जण देतात. पाणी कमी दिसतं हे खरं, पण त्याने पेशंट लवकर बरा होतो असं माझ्या अनुभवात नाही.

आता तुमचा पेशंट. आज काहीच करू नका, निरीक्षण मात्र घट्ट करा. पाण्याचं प्रमाण, नाडी आणि रंग रोज तुम्ही स्वतः बघून लिहा. तिसऱ्या दिवशी ड्रेन आणि रक्त दोन्हींचं अमायलेज, सोबत सीआरपी. अमायलेज निम्म्याहून बरंच खाली, पाणी स्वच्छ पिवळसर आणि सीआरपी उतरता असेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रेन काढा, 'अजून दोन दिवस राहू दे' असं म्हणू नका. आकडा तिथेच अडकला असेल पण पेशंट ठीक असेल, तर ड्रेन ठेवा, जेवण चालू ठेवा आणि पाचव्या दिवशी पुन्हा मोजा. पाण्याचा रंग बिघडला, सीआरपी चढला किंवा ड्रेन अचानक कोरडा पडला, तर सीटी. नातेवाइकांना आजच सांगून ठेवा की स्वादुपिंडाला थोडा त्रास झालेला दिसतो, बहुतेकांचा तो आपोआप शमतो, पण आपण आठवडाभर त्यावर डोळा ठेवणार आहोत. आठव्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं तर ते सबबीसारखं ऐकू येतं.

घरी सोडताना कागदावर मोठ्या अक्षरात दोन गोष्टी लिहा. ताप किंवा उचक्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दाखवायला यायचं. आणि ड्रेनच्या जखमेतून, उलटीतून किंवा शौचातून थोडं जरी रक्त दिसलं, मग ते थांबलेलं का असेना, तर फोन करून विचारत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत यायचं. ही दुसरी सूचना मी महिनाभरासाठी देतो, आणि ती पेशंटकडून नव्हे, त्याच्यासोबत घरी झोपणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो.